३० कोटी बिलं किती जीबीत मावतात? दुकानाच्या डेटा वेअरहाऊससाठी सर्व्हर निवडण्याचं गणित

(हा आपल्या पॉडकास्टच्या भागाचा लेखी उतारा आहे. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून सगळी गणितं इथे नीट लिहून दिली आहेत.)

००:०० – आजचा विषय

भवानी पेठ, सोलापूर इथून बोलतेय. कानात इयरफोन असतील तर असू द्या, पण आज मोबाईलचा कॅलक्युलेटर पण उघडून ठेवा. लागणार आहे.

विषय असा आहे. एखाद्याची चार-सहा दुकानं आहेत. किराणा असेल, कपडे असतील, चादरी-टॉवेल असतील. आता त्याला सगळ्या दुकानांचा डेटा एका जागी हवाय. मग तो सर्व्हरचं कोटेशन मागवतो, आणि समोरून सहा लाखांचा आकडा येतो. दोन प्रोसेसर, २५६ जीबी रॅम, डझनभर डिस्क. "पुढच्या दहा वर्षांची काळजी मिटली" असं वर सांगतात.

आता हिशोब करा. समजा त्या दुकानात शंभर रुपयांच्या विक्रीमागे शेवटी तीन रुपये हातात उरतात. मग सहा लाख रुपये म्हणजे दोन कोटींच्या विक्रीवरची कमाई झाली! एका यंत्रासाठी. म्हणून हा प्रश्न फक्त कॉम्प्युटरवाल्यांचा नाही. आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना घरचे, मामा, काका विचारतातच की, "तू इंजिनिअर आहेस ना, हे कोटेशन बघून सांग की जरा."

तर आज ते कोटेशन बघायचं कसं, ते सांगते.

०१:४० – डेटा वेअरहाऊस म्हणजे नक्की काय ओ?

काउंटरवर जे बिलिंग चालतं, तो झाला गल्ला. तिथे एका वेळी एक बिल, पटकन बनलं पाहिजे. गिऱ्हाईक उभं आहे.

डेटा वेअरहाऊस म्हणजे मागच्या खोलीतल्या सगळ्या वर्षांच्या वह्या, सगळ्या दुकानांच्या, एकाच पद्धतीने लिहून ठेवलेल्या. तिथे बिल बनवायचं नसतं. तिथे प्रश्न विचारायचे असतात. मागच्या तीन दिवाळीत कुठल्या दुकानात रवा संपला होता? कुठला माल सहा महिने हललाच नाही?

गल्ल्याचं काम एक ओळ लिहिणं, वेअरहाऊसचं काम लाखो ओळी वाचणं. दोन्ही कामं एकाच यंत्रावर ठेवली की कुणीतरी मोठा रिपोर्ट चालवतो आणि काउंटरवरची रांग अडते. म्हणून दोन्ही वेगळी ठेवायची. त्यासाठी दुसरं यंत्र लागतं, हे खरं. ते महागच लागतं असं मात्र नाही.

०३:०० – खरा आकडा घेऊन बघू: डी-मार्ट

उदाहरण आपल्याच राज्यातलं घेऊ. डी-मार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये मुंबईत पवईला सुरू झालं. कंपनीचं नाव ॲव्हेन्यू सुपरमार्ट्स. २०१७ मध्ये शेअर बाजारात आली, त्यामुळे दरवर्षी आकडे जाहीर होतात. त्यात एक आकडा आपल्या फार कामाचा आहे: वर्षभरात किती बिलं फाडली. २०२३–२४ या वर्षात ३०.३ कोटी. वर्षाच्या शेवटी दुकानं होती ३६५.

त्यांची यंत्रं आपण मोजत नाही, फक्त बिलांचा हा आकडा उचलतोय. पुढची गृहीतकं माझी आहेत, ती लक्षात ठेवा.

समजा एका बिलात सरासरी १० वस्तू. म्हणजे ३०३ कोटी ओळी. एका ओळीत काय असतं? दुकान, तारीख, वेळ, बिल नंबर, वस्तूचा कोड, नग, भाव, सूट, कर... असे वीसेक रकाने. सगळं मिळून १०० बाइट धरू.

३०३ कोटी गुणिले १०० बाइट. किती झाले?

३०३ जीबी.

परत सांगते, ३०३ जीबी. देशभर पसरलेल्या साडेतीनशेहून जास्त दुकानांच्या वर्षभराच्या बिलांच्या ओळी ५१२ जीबीच्या फोनमध्ये मावतील, वर फोटोंना पण जागा उरेल!

हे ऐकून "किती टीबी डेटा आहे" हा प्रश्न जरा बाजूला पडायला हवा. कारण साठवणं हा अवघड भाग नाहीच.

०५:१० – मग अवघड काय आहे?

वाचणं. तेही वेळेत.

ही ३०३ जीबीची फाईल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायची आहे असं धरा. जुनी फिरणारी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० एमबी वाचते. म्हणजे लागली ३४ मिनिटं. साधी साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास, म्हणजे १० मिनिटं. चांगली एनव्हीएमई एसएसडी सेकंदाला ५ जीबी, म्हणजे एक मिनिट.

डेटा तोच. उत्तर यायला एक मिनिट की अर्धा तास, हे डिस्कच्या वेगावर ठरलं. कोटेशनमध्ये मात्र डिस्कसमोर फक्त टीबी लिहिलेले असतात. वेग विचारायचा असतो, तो कुणी विचारत नाही.

आता पैसे न घालता वेग वाढवायची एक युक्ती आहे. साध्या डेटाबेसमध्ये ओळ ही ओळ म्हणून साठते. तुम्हाला फक्त रक्कम हवी असली तरी ओळीतले वीसच्या वीस रकाने वाचावे लागतात. रकान्यानुसार साठवणारे डेटाबेस असतात, त्यांना कॉलमनर म्हणतात. डकडीबी, क्लिकहाऊस ही त्यातली फुकट मिळणारी नावं. त्यात प्रत्येक रकाना वेगळा ठेवलेला असतो. प्रश्नाला दुकान, वस्तू, तारीख, रक्कम एवढे चारच रकाने लागत असतील तर तेवढेच वाचले जातात.

वीसपैकी चार, म्हणजे ३०३ जीबीचे झाले ६० जीबी. शिवाय एका रकान्यात एकसारखी माहिती असते, तोच दुकान नंबर हजारो वेळा, म्हणून ती दाबून लहान होते. चौपट दाबली गेली असं धरलं तर १५ जीबी. साटा एसएसडीवर ३० सेकंद. एनव्हीएमईवर तीन. आणि ३२ जीबी रॅम असली तर दुसऱ्यांदा विचारल्यावर डिस्कपर्यंत जायचं कामच नाही.

३४ मिनिटांवरून काही सेकंदांवर आलो, आणि त्यातला मोठा वाटा डेटा मांडायच्या पद्धतीचा आहे.

०७:३० – आता आपल्या पेठेतलं गणित

डी-मार्ट झालं, आता घरी येऊ. समजा भवानी पेठेत मुख्य ऑफिस आणि शहरात सहा दुकानं. प्रत्येक दुकानात रोज ४०० बिलं, बिलात ६ वस्तू. वर्षाचे ३६० दिवस.

६ × ४०० × ६ = रोज १४,४०० ओळी. वर्षाला ५२ लाखांच्या आसपास. गुणिले १०० बाइट, म्हणजे अर्धा जीबी. हो, वर्षाला अर्धा जीबी. दोन-चार पिक्चर डाउनलोड केले की याहून जास्त होतं.

पण थांबा. इथे एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: रोजचा स्टॉक. संध्याकाळी प्रत्येक दुकानात प्रत्येक वस्तू किती शिल्लक, याची नोंद ठेवायची असेल तर वस्तू विकली गेली नाही तरी ओळ तयार होते. ८,००० वस्तू, ६ दुकानं, ३६० दिवस म्हणजे १ कोटी ७३ लाख ओळी. विक्रीच्या तिपटीहून जास्त! ओळ लहान असते, ५० बाइट धरल्या तरी ०.८६ जीबी.

डी-मार्टकडे उलट आहे. तिथे एका दुकानात दिवसाला सरासरी २,४०० च्या आसपास बिलं पडतात, म्हणून विक्रीच्या ओळी जास्त. छोट्या दुकानांत वस्तू भरपूर आणि बिलं कमी, म्हणून स्टॉकच्या ओळी जास्त. दुसऱ्याचं गणित उचलून आपल्याला चिकटवायचं नाही, ते यासाठी.

दोन्ही मिळून वर्षाला १.४ जीबी. किती वर्षं ठेवायचं? जीएसटीच्या कायद्यात हिशोबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवायला सांगितलीत. ते आणि चालू वर्ष धरून साधारण सात वर्षं म्हणू. झाले १० जीबी. मधल्या काळात दुकानं वाढतील म्हणून १५ धरा.

आता चारने गुणा. का? डेटा भरताना आधी कच्चा माल एका जागी उतरतो, त्याला जागा लागते. इंडेक्सना लागते. मोठा रिपोर्ट चालताना डेटाबेस मध्येच तात्पुरत्या फाईली काढतो, त्यांना लागते. आणि डिस्क काठोकाठ भरून चालत नाही. १५ × ४ = ६० जीबी.

सहा दुकानं, सात वर्षं, ६० जीबी. त्या सहा लाखांच्या कोटेशनकडे आता परत बघा.

एक इशारा मात्र देते. बरीच बिलिंग सॉफ्टवेअर आतून मायक्रोसॉफ्टचं एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस वापरतात, जे फुकट असतं. २०२२ च्या आवृत्तीपर्यंत त्यात एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. आपलं सात वर्षांचं गणित बरोबर त्या काठावर येतं. डिस्क रिकामी असूनही एक दिवस सॉफ्टवेअर "जागा नाही" म्हणेल. तेव्हा नवा सर्व्हर घेऊन उपयोग नाही, डेटाबेस बदलायला लागेल. पोस्टग्रेस वापरलं तर ही अडचण येत नाही, आणि त्यालाही पैसे पडत नाहीत.

१०:२० – सरासरीवर जायचं नाही

सर्व्हर नेहमी वाईट दिवसासाठी मोजायचा. आपल्याकडे वाईट दिवस, म्हणजे धंद्याला चांगले दिवस, कुठले ते सगळ्यांना माहीत आहे. दिवाळी. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा, आपला गड्डा. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवरची दुकानं.

अशा दिवसांत बिलं तिप्पट होतात असं धरू. रोजच्या १४,४०० च्या ४३,२०० ओळी झाल्या. साधा लॅपटॉपसुद्धा त्या काही सेकंदांत भरतो. इथे चिंता नाही.

पण डी-मार्टच्या आकाराला बघा. रोजच्या सरासरी ८३ लाख ओळी, तिप्पट म्हणजे अडीच कोटी. दुकान बंद झाल्यावर रात्री ११ ला डेटा यायला लागतो आणि सकाळी ७ ला रिपोर्ट हवा. हातात आठ तास. माझा नियम असा आहे: नेहमीच्या रात्रीचं काम दोन तासांत संपलं पाहिजे. बाकीचे सहा तास का सोडायचे? कारण एखाद्या दिवशी नेट जातं, दोन दिवस डेटा येत नाही, आणि तिसऱ्या रात्री तीन दिवसांचा एकदम भरायला लागतो. दोन तिरकं सहा. तरीही सातच्या आत बसतं. नेहमीच्या रात्रीच सहा तास लागत असतील तर पहिल्या अडचणीला गाडी अडकली म्हणून समजा.

दुसरी गर्दी माणसांची. सोमवारी सकाळी साडेनऊला दहा मॅनेजर एकदम डॅशबोर्ड उघडतात. एका प्रश्नाला एकट्याने २० सेकंद लागत असतील आणि सगळे एकाच डिस्कवर तुटून पडले, तर शेवटच्याला २०० सेकंद. तीन मिनिटांहून जास्त. तो दोनदा वाट बघेल, तिसऱ्यांदा एक्सेलवर परत जाईल. मग वेअरहाऊस असून नसल्यासारखं.

यावर उपाय म्हणजे आधीच करून ठेवलेल्या बेरजा. रोज तेच प्रश्न येतात, मग उत्तरं रात्रीच काढून ठेवायची. पण कुठल्या पातळीला, ते मोजून ठरवा. डी-मार्टच्या उदाहरणात दुकान × वस्तू × दिवस अशी बेरीज केली, १०,००० वस्तू धरल्या, तर सव्वाशे कोटीपर्यंत ओळी होऊ शकतात. मूळ ३०३ कोटी, म्हणजे फार काही वाचलं नाही. तेच ३०० विभाग केले, डाळी, साबण, बिस्किटं असे, तर दुकान × विभाग × दिवस मिळून चार कोटींच्या आत. सत्तर-ऐंशी पट कमी. सोमवारची गर्दी यावर सहज निघते.

१३:०० – प्रश्न आधी, यंत्र नंतर

वॉलमार्टचं नाव या विषयात निघतंच. १९९२ मध्ये त्यांचं टेराडेटावरचं वेअरहाऊस एक टीबीपर्यंत गेलं होतं. त्या काळात एका डिस्कमध्ये जेमतेम एक-दोन जीबी मावायचे, म्हणजे शेकडो डिस्क लावायला लागायच्या. २००४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं तेव्हा आकडा ४६० टीबी होता.

पण त्या बातमीतला लक्षात राहणारा भाग वेगळाच आहे. फ्लोरिडाकडे फ्रान्सिस नावाचं वादळ येत होतं. काही आठवडे आधी चार्ली नावाचं वादळ येऊन गेलेलं. त्यांनी विचारलं, मागच्या वादळाआधी लोकांनी काय घेतलं? टॉर्च वगैरे तर कुणीही सांगेल. डेटातून निघालं की स्ट्रॉबेरी पॉप-टार्ट्सची, म्हणजे न शिजवता खायच्या गोड पदार्थाची, विक्री सातपट वाढली होती. वादळ पोचायच्या आत ट्रक भरून रवाना झाले.

हे उत्तर वादळानंतर मिळालं असतं तर ४६० टीबीचं करायचं काय होतं? आपल्याकडे पण तेच. गड्ड्याला काय संपलं होतं हे डिसेंबरमध्ये कळलं तर माल भरता येतो. फेब्रुवारीत कळलं तर ती फक्त माहिती.

म्हणून कोटेशन मागवायच्या आधी एका कागदावर तीन रकाने करा. कुठला प्रश्न, कोण विचारणार, किती वेळात उत्तर हवं. दहा प्रश्न लिहा. त्यातल्या आठांना "सकाळपर्यंत चालेल" असं उत्तर आलं, तर महागडं यंत्र लागतच नाही.

१५:०० – पुढच्या पाच वर्षांचा अंदाज

"आत्ताच मोठं घेऊन ठेवू" असं म्हणणाऱ्यांसाठी डी-मार्टचेच बिलांचे आकडे बघा. २०१९–२० मध्ये २०.१ कोटी. २०२०–२१ मध्ये १५.२, कोरोनामुळे जवळजवळ चौथा हिस्सा खाली. मग १८.१, मग २५.८, मग ३०.३.

२०२० मध्ये बसून वाढीची सरळ रेघ काढणाऱ्याचा अंदाज पुढच्याच वर्षी मोडला असता. आणि २०२१ चा खाली आलेला आकडा बघून हात आखडणाऱ्याला तीन वर्षांत दुप्पट बिलं सांभाळायला लागली असती.

त्यामुळे पाच वर्षांचं यंत्र आज घ्यायचं नाही. दोन वर्षांचं घ्या आणि वाढायला जागा ठेवा. रॅमचे चार खाचे असतील तर दोनच भरा. डिस्कचे दोन कप्पे रिकामे सोडा. आणि खूण आधीच ठरवा: डिस्क ७० टक्के भरली, किंवा रात्रीचं काम दोन तासांपुढे गेलं, किंवा सकाळचा मुख्य रिपोर्ट ३० सेकंदांपेक्षा जास्त घ्यायला लागला, की पुढची खरेदी.

प्रोसेसरचे कोअर पण उगाच जास्त घेऊ नका. एसक्यूएल सर्व्हर एंटरप्राइझ, ओरॅकल यांचं लायसन्स कोअर मोजून लागतं. वापरात नसलेल्या कोअरचे पण पैसे भरायला लागतात.

१६:३० – सोलापूरचं ऊन आणि सुताची धूळ

हे कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. सर्व्हरच्या खोलीसाठी १८ ते २७ अंश चांगलं मानतात. पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर सर्व्हर ठेवला तर कितीही भारी असला तरी गरम होऊन आपोआप हळू होतो. मोठा सर्व्हर जास्त गरम होतो, मग त्याला एसी, एसीला वीज. २०० वॉटचं यंत्र वर्षभर चालू राहिलं की १,७५२ युनिट. ८०० वॉटचं असेल तर सात हजार युनिट, एसी वेगळाच.

शेजारी यंत्रमाग असतील तर सुताची बारीक धूळ पंख्यात बसते. दर महिन्याला साफ करा. जाळी लावा. याला पैसे लागत नाहीत.

तर सहा दुकानांसाठी माझी यादी अशी: सहा-आठ कोअरचा एक प्रोसेसर. ३२ जीबी ईसीसी रॅम, म्हणजे चूक झाली तर स्वतः पकडणारी रॅम. एक टीबीच्या दोन एसएसडी, एकीची दुसरीवर आपोआप नक्कल होणारी. लाईट गेली तर यंत्र नीट बंद व्हायला वीस मिनिटं देणारा यूपीएस. आणि बॅकअप.

बॅकअपवर जरा जोर देते. दोन डिस्कवर एकच डेटा असणं म्हणजे बॅकअप नाही. चुकून टेबल डिलीट केलं तर दोन्हीकडून एकदम जातं. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक इमारतीबाहेर. बाहेरची प्रत क्लाउडवर ठेवता येते. ॲमेझॉनचं एक केंद्र २०१६ पासून मुंबईत आहे, २०२२ पासून हैदराबादलाही. ६० जीबी ठेवायला फार खर्च येत नाही. आणि तीन महिन्यांतून एकदा तो बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा. उघडला नाही तर तो बॅकअप नाहीच.

सगळंच क्लाउडवर ठेवू का, असं विचाराल. रिपोर्ट दिवसातून दोन तासच लागत असतील तर क्लाउड परवडतो, बाकी वेळ यंत्र बंद ठेवता येतं. दिवसभर चालू ठेवायचं असेल तर भाड्याचं आणि विकतचं असं तीन वर्षांचं गणित शेजारी-शेजारी मांडा.

१८:४० – जाता जाता

कोटेशन देणाऱ्याला पाच प्रश्न विचारा. आमच्या वर्षाच्या ओळी किती धरल्या? डिस्क सेकंदाला किती वाचते? रात्रीचं काम किती वेळात संपेल? दहा जण एकदम आले तर? बॅकअप उघडून कधी दाखवणार? या पाचांची उत्तरं आकड्यांत आली तर पुढे बोला. "साहेब, टेन्शन घेऊ नका" असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा.

तुमच्या घरचं, मामांचं, मित्राचं दुकान असेल तर रोजची बिलं, बिलातल्या वस्तू आणि एकूण माल, एवढे तीन आकडे काढून हे गणित करून बघा, आणि जमलं तर आम्हाला पाठवा. नावं वगळून पुढच्या भागात दोन-तीन सोडवू. तो भाग सहा दुकानांची सहा वेगवेगळी आयटम लिस्ट एक कशी करायची यावर आहे. "साखर १ किलो", "शुगर १ केजी" आणि "साखर सुटी" ही एकच वस्तू आहे हे कॉम्प्युटरला कसं कळणार, ते बघू.

चला, भेटू.